सरकारी खर्चातून उभी राहिलेली नोकरी टिकते कधी?

मुंबईत पगारावर काम करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकावर एक बारीकशी कपात असते. व्यवसाय कर, ऑफिसात सगळे 'पीटी' म्हणतात तो. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. घटनेनं या कराला घातलेली ही कमाल मर्यादा १९८८ पासून आहे तिथंच आहे, म्हणून कुणी त्याकडे फारसं लक्ष देत नाही. पण हा कर का लागला ते सांगण्यासारखं आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर रोजगार हमीची कामं निघाली आणि त्यांना पैसा कुठून आणायचा हा प्रश्न आला. १९७५ साली राज्यानं नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर हा कर बसवला. त्यातून जेवढे जमा होतील तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. फोर्टातल्या बँकेत बसलेल्या कारकुनाच्या पगारातून माणदेशातल्या माळावर पाझर तलावाची माती उपसणाऱ्या बाईची मजुरी निघत होती.

योजनेची मूळ कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ साली त्यांनी ती आधी करून पाहिली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची कायदेशीर जबाबदारी आहे, असं मानणारं हे देशातलं पहिलं राज्य. २००५ साली केंद्रानं ग्रामीण कुटुंबांना वर्षाला १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा केला, त्याचं मूळ इथं आहे.

तरीही प्रश्न जागच्या जागी आहे. सरकारनं पैसे ओतून दिलेलं काम खरं काम असतं का, आणि ते टिकतं का? लोकलच्या डब्यात याची दोन ठरलेली उत्तरं ऐकू येतात. एक म्हणतो, सरकारनं मनावर घेतलं तर उद्या सगळ्यांना नोकऱ्या लागतील. दुसरा म्हणतो, सरकार फक्त एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घालतं, नोकऱ्या उद्योजक देतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण प्रत्येकाचं ठरावीक परिस्थितीपुरतं. ती परिस्थिती कोणती, हे नीट बघायला हवं.

पैसा येतो कुठून

सरकार तीन मार्गांनी खर्च करू शकतं. कर गोळा करून, कर्ज काढून, नाहीतर रिझर्व्ह बँकेकडून थेट पैसे घेऊन. तिसरा मार्ग आपल्याकडे कायद्यानं बराचसा बंद केलेला आहे. म्हणजे सरकारनं खर्च केलेला रुपया आधी कुणाच्या तरी हातात होता, किंवा पुढे कुणाला तरी तो व्याजासह फेडायचा आहे.

इथूनच पहिला आक्षेप निघतो. फ्रान्समधले विचारवंत फ्रेडरिक बास्तिया यांनी १८५० सालीच तो मांडला होता. सरकारनं पूल बांधला की पुलावर राबणारी माणसं दिसतात. पण त्यासाठी ज्यांच्याकडून कर घेतला त्यांनी त्या पैशांतून कपाट करून घेतलं असतं, घर रंगवलं असतं, दुकानात पोऱ्या ठेवला असता. तो सुतार, तो रंगारी, तो पोऱ्या आपल्याला दिसत नाही, कारण त्याचं काम झालंच नाही. या हिशेबानं सरकार नोकरी नुसती इकडून तिकडे सरकवतं.

सगळे हात आधीच कामाला लागलेले असतील तर हा आक्षेप अगदी बरोबर आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये, जगभर मंदी असताना, नेमकं याच गृहीतकावर बोट ठेवलं: हात रिकामे असतील तर काय? कारखाने बंद, माणसं घरी, बँकेत पैसा पडून, आणि मागणी नाही म्हणून कुणीच पुढचं पाऊल टाकत नाही. अशा वेळी सरकारनं काम काढलं तर ते कुणाच्या तोंडचं काढून घेत नाही. रिकाम्या हाताला लावलेलं काम ही निव्वळ भर असते.

मुंबईत हे दोन्ही प्रकार एकाच वेळी बघायला मिळतात. सकाळी आठ-साडेआठला कुठल्याही मजूर नाक्यावर जाऊन बघा. गवंड्याच्या हातात थापी, रंगाऱ्याच्या पिशवीतून डोकावणारा ब्रश, बिगाऱ्याजवळ काहीच नाही, कारण त्याच्याकडे विकायला फक्त अंगमेहनत. ठेकेदाराची माणसं येतात, बोट दाखवून दोघा-चौघांना घेऊन जातात. अकरा वाजले तरी जो उभा आहे तो घरी परततो, त्याचा दिवस गेला. या माणसाला मेट्रोच्या कामावर घेतलं तर खाजगी बिल्डरचं काही अडत नाही. नाक्यावर माणसं उरलेलीच असतात.

आता त्याच मेट्रोचा बोगदा खणणाऱ्या इंजिनिअरचं बघा. शहरात भुयारी मेट्रो, किनारी रस्ता, गोरेगाव-मुलुंड जोडबोगदा, बोरिवली-ठाणे बोगदा अशी कामं वर्षानुवर्षं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून चालली आहेत. बोगद्याचं यंत्र चालवणारा अनुभवी माणूस देशात मोजकाच. सरकारनं आणखी एक बोगदा काढला म्हणून असे लोक एका रात्रीत दुप्पट होत नाहीत. त्यांचा पगार वाढतो, आणि ते एक काम सोडून दुसरीकडे जातात. बास्तियांचा आक्षेप इथं खरा ठरतो. एकाच प्रकल्पात बिगाऱ्यापुरतं केन्सचं म्हणणं बरोबर आणि बोगदा-इंजिनिअरपुरतं बास्तियांचं. म्हणून 'सरकारी खर्चातून नोकरी निर्माण होते का' याला एकच एक उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

एका मजुरीचा प्रवास

बिगाऱ्याला संध्याकाळी मजुरी मिळते. त्यातले काही खानावळीत, काही खोलीच्या भाड्यात, काही मोबाइलवरून गावी बायकोला. खानावळवाल्या मावशी त्यातून भाजी आणि गॅस घेतात, भाजीवाला आणखी कुठेतरी खर्च करतो. सरकारनं टाकलेला एक रुपया असा हात बदलत जातो आणि प्रत्येक हाताशी थोडं काम निर्माण करतो. प्रत्येकानं हातात आलेल्यातला निम्मा भाग इथंच खर्च केला, तर १०० चे ५०, ५० चे २५ असं होत शेवटी एकूण व्यवहार २०० रुपयांचा होतो. निम्म्याऐवजी ऐंशी टक्के खर्च केला तर तोच आकडा ५०० वर जातो. अर्थशास्त्रात याला गुणक म्हणतात.

गरिबाच्या हातातला रुपया जास्त फिरतो, कारण त्याला तो ठेवून चालत नाही. आणि रुपया गळतोही. किनारी रस्त्याचा बोगदा ज्या यंत्रानं खणला त्याचं नाव 'मावळा'. व्यास १२.१९ मीटर, देशात तोवर वापरलेल्या बोगदा-यंत्रांतलं सर्वांत मोठं. नाव आपलं, पण यंत्र चिनी बनावटीचं. त्याच्या किमतीतून उभ्या राहिलेल्या नोकऱ्या चीनमध्ये राहिल्या. भुयारी मेट्रोच्या गाड्या मात्र आंध्रातल्या श्रीसिटीत बांधल्या गेल्या, आणि दहिसर-अंधेरी मेट्रोच्या गाड्या बंगळुरूच्या सरकारी कारखान्यात. हा रुपया मुंबईबाहेर गेला, तरी देशातल्या फिटरच्या आणि वेल्डरच्या घरात पोहोचला. प्रकल्प किती कोटींचा यावरून त्यानं किती माणसांना काम दिलं हे अजिबात कळत नाही, ते म्हणूनच.

दिल्लीतल्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेच्या २०१३ च्या एका अभ्यासात भांडवली खर्चाचा, म्हणजे रस्ते, बंदरं, धरणं यांवरच्या खर्चाचा, गुणक २.४५ निघाला होता. पगार, अनुदानं वगैरे धरून होणाऱ्या महसुली खर्चाचा सुमारे १. भांडवली खर्च वाढवण्याच्या बाजूनं हे आकडे नेहमी पुढे केले जातात. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ही तरतूद ११.२१ लाख कोटींची होती. या आकड्यांत एक मोठी खोच आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

पण मजुरी फिरत राहते ती काम चालू असेपर्यंत. काम संपलं की बिगारी पुन्हा नाक्यावर. टिकाऊ नोकरीचा खरा प्रश्न इथं सुरू होतो, आणि माझ्या मते तो असा विचारायला हवा: सरकारी पैसा थांबल्यावर मागे असं काय उरतं, ज्यासाठी कुणीतरी आपणहून पैसे देत राहील?

खडी आणि कलमं

रोजगार हमीनं या प्रश्नाची दोन्ही उत्तरं दिली आहेत. १९७२ च्या दुष्काळातल्या माणसाला विचारलं तर पहिली आठवण खडी फोडण्याची निघते. रस्त्याच्या कडेला बसून हातोडीनं दगड फोडायचे, ढीग लावायचा, मुकादमानं माप घ्यायचं, मजुरी घ्यायची. त्यातली कितीतरी खडी तशीच पडून राहिली. कच्चे रस्ते दोन पावसाळ्यांत वाहून गेले. टिकाऊ काही उरलं नाही, हे खरंच. पण त्या मजुरीनं लाखो माणसं जगली, गुरं-ढोरं विकून कायमची परागंदा होण्यापासून वाचली. त्या कामाला 'टिकलं का' ही कसोटी लावणं मला अन्यायाचं वाटतं. संकटातल्या मजुरीचं काम माणूस टिकवण्याचं असतं. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई सोडून चालत गावी गेलेल्यांना याच हमीच्या कामांनी हात दिला. त्या वर्षी देशात केंद्राच्या हमी योजनेवर १ लाख कोटींहून जास्त खर्च झाला.

दुसरं उत्तर १९९० पासूनचं. राज्यानं रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली. मजुरी सरकार देणार, पण खड्डा शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात. खड्डे खणणं, कलमं लावणं, पाणी घालणं, कुंपण करणं याचे पैसे टप्प्याटप्प्यानं तीन वर्षं, आणि ते झाडं किती जगली हे बघून. कोकणात आंबा-काजू, देशावर आणि मराठवाड्यात डाळिंब, सीताफळ, मोसंबी, विदर्भात संत्रं. ज्या वरकस जमिनीवर नाचणीसुद्धा धड येत नव्हती तिथं बागा झाल्या.

या योजनेत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 'किती झाडं जगली' हे बघणं. खडीच्या ढिगाचं माप एकदा घेतलं की मुकादमाचं काम संपतं. झाड मात्र दुसऱ्या वर्षी जिवंत असावं लागतं, तिसऱ्या वर्षीही. आणि ज्याच्या रानात ते आहे तो ते जगवण्यासाठी रात्रीबेरात्री पाणी घालतो, कारण पुढची पन्नास वर्षं उत्पन्न त्याचं आहे. सरकारी मजुरी तीन वर्षांत थांबली. मागे राहिलेल्या झाडाला दरवर्षी राखणदार लागतो, फवारणी करणारा लागतो, झेल्यानं आंबा उतरवणारा लागतो, पेट्या भरणारा लागतो, मुंबईपर्यंत टेम्पो चालवणारा लागतो. मार्च ते मे वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्या उतरवणाऱ्या माथाड्यापर्यंत ही साखळी येते. या सगळ्यांना पैसे सरकार देत नाही, आंबा खाणारा देतो.

इथं एक आडवा आक्षेप येतो: हमीच्या कामांमुळे शेतकऱ्याला मजूर मिळत नाही, खाजगी रोजगार मारला जातो. हे गावोगाव ऐकू येतं आणि सुगीच्या दिवसांत ते साफ खोटंही नसतं. पण आंध्र प्रदेशात मजुरी वेळेवर पोहोचवणारी स्मार्टकार्ड पद्धत काही तालुक्यांत आधी आणि काहींत नंतर लागू केली गेली, तेव्हा संशोधकांना तुलना करता आली. जिथं योजना नीट चालली तिथं गरीब कुटुंबांचं उत्पन्न वाढलं, आणि त्यातली बहुतांश वाढ योजनेच्या मजुरीतून न येता बाहेरच्या कामाच्या वाढलेल्या दरांमुळे आली. खाजगी रोजगारही घटला नाही. हमीचं काम हाताशी असलं की मजुराला बाहेर पडेल तो दर घ्यावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

गिऱ्हाईक झालेलं सरकार

सरकारनं नोकरी देण्याचा अर्थ आपण फक्त पगार देणं असा घेतो. पण सरकार गिऱ्हाईकही होऊ शकतं, आणि तेव्हा कधी कधी जास्त टिकाऊ काम उभं राहतं. मुंबईच्या दुधाचंच घ्या. १९४५ साली मुंबई सरकारनं शहराला शुद्ध दूध पुरवण्यासाठी 'बॉम्बे मिल्क स्कीम' सुरू केली आणि खेडा जिल्ह्यातून दूध आणण्याचं काम एका खाजगी कंपनीला दिलं. पैसा सरकारचा, नफा मधल्या कंपनीचा, शेतकऱ्याला मिळेल तो भाव. शेतकऱ्यांनी दूध घालणं बंद केलं, संप केला, आणि १९४६ मध्ये आणंदला स्वतःचा सहकारी संघ काढला. १९४८ पासून त्यांचं दूध मुंबईच्या योजनेत येऊ लागलं. हाच पुढचा अमूल.

मुंबईच्या सरकारनं आणंदला एकही नोकरी दिली नव्हती. पण दूध रोज घेतलं जाणार याची खात्री होती, म्हणून गावोगाव संकलन केंद्रं निघाली, यंत्रं बसली. नुसता सरकारी खर्च मात्र पुरेसा नव्हता. तो जोवर मधल्या कंपनीच्या हातात होता तोवर गोठ्यापर्यंत काही पोहोचत नव्हतं. शेतकऱ्यांनी संघ बांधला तेव्हा तो खर्च त्यांच्या कामाचा झाला.

गिऱ्हाईक होण्यातली दुसरी अट सातत्याची. तिचा धडा माझगावात मिळतो. पाणबुड्या बांधण्याचा जर्मन कंपनीशी करार १९८१ चा. दोन जर्मनीत बांधायच्या, दोन माझगाव डॉकमध्ये. पाणबुडीचं मुख्य कवच खोल समुद्राचा दाब पेलतं, त्यामुळे त्याच्या जोडकामात केसाइतकी फट चालत नाही. असं वेल्डिंग करणारी माणसं वर्षानुवर्षांच्या सरावानं तयार होतात. ती झाली. 'शल्की' १९९२ मध्ये नौदलात गेली, 'शंकुल' १९९४ मध्ये. पुढच्या पाणबुड्यांचा विषय आरोपांच्या वादळात अडकला आणि नवीन काम आलंच नाही. पुढचा करार २००५ चा, त्यातली पहिली पाणबुडी 'कलवरी' २०१७ मध्ये दाखल झाली.

दोन पाणबुड्यांच्या मध्ये तेवीस वर्षं. एवढ्यात वेल्डर निवृत्त होतो. त्याच्या हाताखाली जो तयार व्हायचा तो दुसरीकडे जातो, कदाचित आखाती देशात पाइपलाइनवर. ते कसब सरकारनं स्वतःच्या खर्चानं उभं केलं होतं आणि काम न देऊन स्वतःच घालवलं. पुन्हा नव्यानं शिकवावं लागलं, पुन्हा तोच खर्च. कलवरी वर्गातली सहावी आणि शेवटची 'वागशीर' १५ जानेवारी २०२५ ला नौदलात गेली. आताही तोच धोका आहे. पुढचं काम वेळेवर हातात पडलं तरच आजचा वेल्डर उद्याच्या पोराला शिकवेल.

जिथं पैसा ओतूनही टिकलं नाही

गिरणगावाची कहाणी याच्या उलट. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९८३ मध्ये केंद्रानं मुंबईतल्या १३ गिरण्यांचा ताबा घेतला, १९९५ मध्ये त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. पैसा आला, पण तो पगार आणि साचलेला तोटा भागवण्यात गेला. नवे माग, नवी यंत्रं यांना त्यामानानं फार थोडं मिळालं. तोवर कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर स्वस्तात निघत होतं. शेवटी स्वेच्छानिवृत्ती आणि जमिनींची विक्री. एल्फिन्स्टन गिरणीच्या जागी आज काचेचे टॉवर आहेत.

त्या पगारांवर परळ-लालबागच्या कितीतरी घरांतली मुलं शिकली, म्हणून तो पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण नोकरी टिकवण्यासाठी होता म्हणाल तर त्यानं ते काम केलं नाही. जिथं कापडाला गिऱ्हाईक आहे पण यंत्र जुनं, तिथं पगारावर खर्च करून वर्षं मिळतात, भविष्य मिळत नाही.

पुलांचं, बंदरांचं काय? अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. २१.८ किलोमीटर, खर्च १७,८४० कोटींच्या घरात. पुलावर कायम राबणारी माणसं मोजकी: टोल, गस्त, देखभाल. टिकाऊ नोकऱ्या होतील त्या पुलाच्या दोन टोकांना, आणि तिथं कोण पोहोचू शकतो यावर त्या कुणाच्या हे ठरेल. कारला एका फेरीचा टोल २५० रुपये. दुचाकी आणि रिक्षाला बंदी. शिवडीच्या फिटरला उरणला रोज कामाला जायचं असेल तर त्याच्यासाठी पूल म्हणजे पुलावरून जाणारी बस. तिच्या फेऱ्या वाढल्या तर पूल त्याचा, नाहीतर तो कारवाल्यांचा. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं तेव्हाही बंदराच्या आतल्या नोकऱ्या मर्यादितच होत्या. बाहेर कंटेनर यार्ड, गोदामं, ट्रेलर, गॅरेज, चहाच्या टपऱ्या यांची जी दुनिया उभी राहिली ती खाजगी पैशातून, पण बंदराशिवाय ती झालीच नसती. त्यासाठी वेळ लागला, दोन-तीन दशकं. निवडणुकीच्या पाच वर्षांत तो हिशेब बसत नाही.

कधीच न संपणारं काम

आतापर्यंत मी 'सरकारी पैसा थांबल्यावर काय उरतं' असं विचारत आलो. पण काही कामांत पैसा थांबूच नये. पहाटे कचरा उचलणं, गटारात उतरणं, शाळेत शिकवणं, प्रसूतिगृहात रात्रपाळी करणं. ही कामं उद्याही आहेत, शंभर वर्षांनीही असतील. त्यांना पगार करातून मिळतो म्हणून ती 'खरी नोकरी' नाही, हे मला मुळीच पटत नाही. आपण सोसायटीच्या वॉचमनला वर्गणी काढून पगार देतो, तसाच हा शहरानं वर्गणी काढून दिलेला पगार.

आणि मुंबई नेमकं इथं उलटं वागते. गिरण्यांसारख्या संपत आलेल्या कामासाठी कायमचे पगार दिले गेले, आणि कधी न संपणाऱ्या कामावर तात्पुरती माणसं. कंत्राट संपतं, कंत्राटदार बदलतो, झाडू मारणारा माणूस तोच असतो, पण कागदावर तो दरवेळी नवा. रजा नाही, आजारपणात पगार नाही, भविष्य निर्वाह निधीचा पत्ता नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघानं वर्षानुवर्षं कोर्टात लढा दिला. औद्योगिक न्यायाधिकरणानं २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. या माणसांच्या कामाची गरज कधीच तात्पुरती नव्हती. तात्पुरती होती फक्त त्यांची हजेरी.

वर ज्या खोचेचा उल्लेख केला ती इथं उघड होते. सरकारी हिशेबात रुग्णालयाची इमारत हा भांडवली खर्च, आणि तिथल्या परिचारिकेचा पगार महसुली. इमारत 'गुंतवणूक' म्हणून मिरवते, परिचारिका 'आस्थापना खर्च' म्हणून कापली जाते. भांडवली खर्चाचा गुणक मोठा, म्हणून भांडवली खर्च करा, असं कुणी म्हणालं की हे आठवावं. परिचारिकेमुळे जो गवंडी आठवड्यात बरा होऊन नाक्यावर परतला, शिक्षिकेमुळे ज्या मुलीला हिशेब आला आणि नोकरी लागली, त्यांची कमाई वर्षा-दोन वर्षांच्या गुणकात पूर्ण पकडली जात नाही.

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यातले ४३,१६२ कोटी, म्हणजे निम्म्याहून बरेच जास्त, भांडवली कामांना. रस्ते, पूल, बोगदे, मलजल प्रक्रिया केंद्रं यांची शहराला नितांत गरज आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण प्रत्येक नवी वास्तू जन्मतःच काही कायमची पदं मागते. मलजल केंद्राला चालक हवेत, पंपांना देखभाल करणारे हवेत, रुग्णालयाला डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ हवेत. आपल्या वॉर्डात नव्या रुग्णालयाचं भूमिपूजन होईल तेव्हा किती खाटा हे फलकावर लिहिलेलं असतंच. नगरसेवकाला विचारायचं ते असं: किती पदं मंजूर झाली, त्यातली किती भरणार, कधीपर्यंत, आणि कायम की कंत्राटी? ही माहिती महापालिकेकडे असते, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागता येते.